साडेतीन फेऱ्यांचा बोर्ड

कॅरम बोर्ड चांगला की वाईट, हे दुकानदाराला विचारायची गरज नसते. बोर्ड रिकामा करायचा, पंधरा ग्रॅमचा स्ट्रायकर घ्यायचा, समोरच्या फ्रेमवर सरळ आणि जोरात मारायचा आणि तो थांबेपर्यंत मोजत राहायचे. स्पर्धांच्या नियमावलीत बोर्डाची हीच कसोटी सांगितली आहे: कसलेल्या खेळाडूने मारलेल्या स्ट्रायकरने किमान साडेतीन फेऱ्या माराव्यात. तिवस्यातल्या आमच्या घरचा बोर्ड जुलैच्या पहिल्या झडीत कपाटामागून बाहेर निघाला, तेव्हा पुतण्याने ही परीक्षा घेतली. स्ट्रायकर समोर गेला, फ्रेमला लागला, परत निघाला आणि काळ्या मातीत चाक रुतावे तसा मधल्या वर्तुळाच्या अलीकडेच बसला.

"घरी बोर्ड हाये ना, मंग क्लबात रोज पैसे कायले घालतं?" हे त्याच्या बापाचे, म्हणजे माझ्या धाकट्या भावाचे म्हणणे.

"बाबा, हा बोर्ड चालतच नाही."

"लाकडाचा हाये, त्याले काय चालाचं असते?"

भाऊ हिशेबी माणूस आहे आणि क्लबात एका बोर्डाचे दहा रुपये म्हणजे त्याच्या दृष्टीने हवेत गेलेले पैसे. पण बोर्डाला चालावे लागते, हे पोराचे म्हणणे खरे आहे. मी स्वतः कॉलेजची तीन वर्षे एसटी स्टँडजवळच्या एका गाळ्यातल्या क्लबात घालवली आहेत. तिथे जे शिकलो त्याचा परीक्षेत उपयोग झाला नाही, तो या वादात तरी व्हावा. एकच खेळ, त्याच सोंगट्या, तेच नियम. मग घरचा बोर्ड मरगळलेला आणि क्लबचा पळणारा का, हे नीट उलगडून पाहू.

आधी माप. नियमाच्या बोर्डाची खेळायची जागा 73.5 ते 74 सेंटिमीटर चौरस असते. पॉकेटचे तोंड 4.45 सेंटिमीटर. स्ट्रायकर जास्तीत जास्त 4.13 सेंटिमीटर रुंद आणि 15 ग्रॅम वजनाचा. सोंगटी, जिला आमच्याकडची पोरे सरळ गोटी म्हणतात, ती 3.02 ते 3.18 सेंटिमीटरची. म्हणजे सोंगटीला पॉकेटात शिरताना सव्वा सेंटिमीटरची मोकळीक मिळते आणि स्ट्रायकर जेमतेम तीन मिलिमीटरने आत मावतो. स्ट्रायकर आत गेला की फाउल. ही सगळी मापे एकमेकांशी जुळवलेली आहेत. पोरांसाठी म्हणून जे छोटे बोर्ड मिळतात, त्यांत सगळेच आखूड असते; त्यावर हात बसतो तो वेगळ्याच खेळाला बसतो. आमच्या घरचा बोर्ड मापाने पूर्ण होता, एवढे त्याच्या बाजूने नोंदवून ठेवतो.

आता पृष्ठभाग. बोर्ड प्लायचा करतात, सलग फळीचा नाही, त्याला कारण आहे. लाकूड पाणी पिते आणि फुगते, पण सगळीकडे सारखे फुगत नाही. रेषांच्या दिशेने ते फारसे हलत नाही, रेषांना आडवे मात्र चांगलेच वाढते. पावसाळ्यात दार चौकटीत अडते ते यामुळेच. प्लायमध्ये लाकडाचे पातळ पापुद्रे एकावर एक चिकटवताना प्रत्येक पापुद्र्याच्या रेषा खालच्याला काटकोनात ठेवतात, म्हणजे एकाचे फुगणे दुसरा धरून ठेवतो. पापुद्रे जितके जास्त तितकी पकड घट्ट. नियमावलीत प्लायची जाडी किमान 8 मिलिमीटर सांगितली आहे. क्लबातले बोर्ड त्याहून पुष्कळ जाड असतात. घरी येतो तो बहुतेक वेळा चार-पाच मिलिमीटरचा. असा पातळ प्लाय स्वतःच्याच वजनाने मधोमध खचतो. डोळ्यांना दिसत नाही, पण हळू मारलेल्या सोंगटीला ते बरोबर कळते: ती सरळ जाता जाता मध्याकडे ओढली जाते. खाली आडव्या पट्ट्या ठोकलेल्या असतील तर खचणे कमी होते. आमच्या बोर्डाला दोन पट्ट्या होत्या. त्यातली एक कधीतरी निखळली आणि चुलीत गेली, असे आई सांगते.

सगळ्यात वरचा पापुद्रा महत्त्वाचा. तो बारीक रेषांचा, गाठी नसलेला हवा. चांगल्या बोर्डांना बर्चचा पापुद्रा लावतात, कारण त्या लाकडाची छिद्रे फार बारीक असतात. त्यावर पॉलिश. तरीही बोर्डावर बोट फिरवले तर जे गुळगुळीत लागते ते स्ट्रायकरसाठी गुळगुळीत नसते. सोंगटीचा तळ सपाट, बोर्ड सपाट. दोन सपाट गोष्टी एकमेकींवर सरकताना हजार ठिकाणी अडकतात. म्हणून पावडर.

पावडरीबद्दल घरोघरी इतके गैरसमज आहेत की इथे जरा थांबतो. आमच्या घरी एका दिवाळीत पावडर संपली म्हणून मैदा टाकला होता. पहिला अर्धा तास बरा गेला. मग हाताच्या घामाने त्याची खळ झाली आणि दुसऱ्या दिवशी मुंग्यांनी बोर्ड ताब्यात घेतला. अंगाला लावायची टाल्कम पावडर त्याहून बरी, पण तिच्यात सुगंधाची आणि इतर भर असते आणि पावसाळी हवेत तिचे कण एकमेकांना धरून बसतात. कॅरमची खरी पावडर म्हणजे बोरिक पावडर. हिचे कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर पत्त्यांच्या गड्डीसारखे असतात. एकेका पातळ थरातले रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात, पण थरा-थरातली पकड मात्र अगदी ढिली. वरून दाब आला आणि ढकलले की पत्ते सरकावेत तसे थर एकमेकांवरून सरकतात. शिसपेन्सिलीतले ग्राफाइट कागदावर घसरते तेही याच कारणाने. बोटांत चोळली तर बोरिक पावडर साबणासारखी लागते, ते या थरांचे सरकणे. हीच पावडर झुरळांना मारायलाही वापरतात, तेव्हा घरात रांगते पोर असेल तर डबा वर ठेवावा आणि खेळून झाल्यावर हात धुवावेत.

किती टाकायची? घरी पोरे रांगोळीसारखी टाकतात. स्ट्रायकर तेव्हा पळतो, पण हलक्या हाताने मारलेली सोंगटी पुढे पावडरीची वळी ढकलत जाते आणि शेवटच्या वितीत रेघ सोडते. क्लबात चिमूटभर पावडर मध्यावर टाकून तळहाताने गोल गोल पसरतात आणि मग सुती फडक्याने बरीचशी पुसूनही काढतात. पाहणाऱ्याला वाटते टाकली कशाला आणि पुसली कशाला. पण पावडर हवी असते ती छिद्रांच्या आत, वर नको. छिद्रे भरली की पृष्ठभाग एकसारखा होतो. महिनोन्महिने रोज हे झाले की बोर्ड मुरतो. लोणचे मुरावे तसा. सहा महिन्यांत दोनदा बाहेर निघणाऱ्या बोर्डाला मुरायला वेळच मिळत नाही. उलट जुनी पावडर ओल धरते, घट्ट होते आणि त्यावर नवी टाकली की थरावर थर चढतो. आमच्या बोर्डाच्या मधल्या वर्तुळावर नख फिरवले तर पांढरट खपली निघत होती.

ओल हा वऱ्हाडातल्या बोर्डाचा मोठा आजार आहे आणि तो फक्त पावसाळ्यात होत नाही. मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो, हवा कोरडी ठणठणीत, बोर्ड चालायला याहून चांगले दिवस नाहीत. पण त्याच महिन्यात घराघरात कूलर लागतो. वाळ्याच्या ताट्यांतून किंवा गवतातून पाणी झिरपवून दमट हवा खोलीत फेकणे हेच त्याचे काम. सुट्टीला आलेली पोरे बोर्ड मांडतात तोही बरोबर कूलरसमोर. म्हणजे चैत्र-वैशाखातही घरचा बोर्ड भिजतो. मग जूनमध्ये शाळा उघडल्या की तो कपाटामागे भिंतीला तिरपा टेकवून ठेवतात, तिथे आषाढ-श्रावणात भिंतीची ओल चढते आणि तिरपे ठेवल्यामुळे तो धनुष्यासारखा वाकतो. बोर्ड आडवा, सपाट ठेवावा. जागा नसेल तर भिंतीपासून सोडवून सरळ उभा टांगावा. तिरपा टेकवू नये.

क्लबात कूलर नव्हता. पंखाही खेळ चालू असताना बंद, कारण पावडर उडते. मे महिन्यात त्या गाळ्यात बसणे म्हणजे भट्टीत बसणे. शिवाय प्रत्येक बोर्डावर टोपीखाली शंभराचा पिवळा बल्ब लोंबत असे. आम्हाला वाटे, हा उजेडासाठी. पावसाळ्यात मात्र क्लबवाले काका आम्ही यायच्या तासभर आधीच ते बल्ब लावून ठेवत. मी एकदा म्हटले, काका, बिल कशाला वाढवता? ते म्हणाले, "बोर्ड तापू दे ना बाप्पा. थंड्या बोर्डावर खेळून तूच म्हनशीन का काकाचा बोर्ड चालत नाही." जुना तारेचा बल्ब विजेचा मोठा भाग उजेडाऐवजी उष्णतेतच घालवतो, बाकी ठिकाणी हा त्याचा दोष, बोर्डावर तोच गुण. पृष्ठभाग कोमट राहतो आणि ओल उडून जाते. स्पर्धांमध्येही बोर्डावर 60 ते 100 वॅटचा दिवा टोपीसह टांगायची पद्धत आहे. आता सगळीकडे एलईडी आले. उजेड भरपूर, ऊब नाही. घरी ट्यूबलाइटखाली खेळताना तर हाताची सावलीच नेमकी सोंगटीवर पडते, ते वेगळेच.

पृष्ठभागानंतर फ्रेम. डबल मारायचा असेल, म्हणजे सोंगटी समोरच्या फ्रेमवर आपटून आपल्याकडच्या पॉकेटात आणायची असेल, तर हिशेब आरशाचा असतो. फ्रेम हा आरसा समजायचा, त्याच्या पलीकडे पॉकेटचे प्रतिबिंब कुठे पडेल ते मनात धरायचे आणि तिकडे मारायचे. ज्या कोनात आत, त्याच कोनात बाहेर. पण हा आरसा खरा ठरायला फ्रेम टणक, जड आणि प्लायला घट्ट बसलेली लागते. चांगल्या फ्रेमा शिसव किंवा बाभळीसारख्या घट्ट लाकडाच्या असतात. स्वस्त बोर्डांत हलके लाकूड येते आणि वऱ्हाडी ऊन-पावसात दोन वर्षे काढली की कोपऱ्यातले सांधे उघडतात. अशा फ्रेमवर स्ट्रायकर आदळला की थोडा वेग फ्रेमच खाऊन टाकते. तो वेग जातो मुख्यतः सरळ परत येणाऱ्या दिशेतला. आडव्या दिशेतला बराचसा तसाच राहतो. परिणामी परतीचा कोन पसरट होतो आणि फटका हिशेबापेक्षा लांब पडतो. घरच्या बोर्डावर आपण नकळत हे जमवून घेतो, थोडे अलीकडेच मारतो. मग क्लबात गेल्यावर तोच डबल पॉकेटच्या चार बोटे आधी येऊन थांबतो. फ्रेम कानाने तपासता येते: स्ट्रायकर आपटल्यावर कडक, कोरडा टक् आला तर ठीक, भद्द आवाज आला तर सांधा सुटला आहे. आमच्या बोर्डाच्या चारही बाजूंचा आवाज चार तऱ्हेचा निघाला.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. बिलियर्ड्सच्या टेबलावर सगळे चेंडू सारख्या वजनाचे असतात. एक सरळ येऊन दुसऱ्यावर आदळला की आदळणारा जवळजवळ जागीच थांबतो आणि त्याचा वेग घेऊन दुसरा पळतो. कॅरममध्ये तसे होत नाही. सोंगटी 5 ते साडेपाच ग्रॅमची आणि स्ट्रायकर 15 चा, म्हणजे जवळपास तिप्पट जड. टकरीत काही वाया गेले नाही असे धरून गणित मांडले तर सोंगटी स्ट्रायकरच्या दीडपट वेगाने सुटते आणि स्ट्रायकर आपला अर्धा वेग राखून तिच्याच मागे निघतो. पॉकेटसमोर सोंगटी सरळ उभी आहे, मारायला कोणीही मारेल अशी. नवखा जोरात मारतो, सोंगटी आत जाते आणि पाठोपाठ स्ट्रायकरही. फाउल, घेतलेली सोंगटी बाहेर, दंडाची एक आणखी वर. जाणकार तीच सोंगटी किंचित कडेला मारतो. स्पर्शाच्या क्षणी स्ट्रायकरचे केंद्र आणि सोंगटीचे केंद्र जोडणारी जी रेषा, त्या रेषेत सोंगटी जाते. स्ट्रायकर दुसरीकडे वळतो. हा कट.

घरचा आणि क्लबचा बोर्ड यांतला खरा फरक इथे उघडा पडतो. संथ बोर्डावर तो उरलेला अर्धा वेग वितभर जागेत मरून जातो. स्ट्रायकरचे पुढे काय होईल याचा विचार करायची सवयच लागत नाही, फक्त सोंगटीकडे बघायचे. शिवाय बोर्ड चालत नाही म्हणून दरवेळी जोर लावायचा. पळत्या बोर्डावर स्ट्रायकर फ्रेमला लागून परत येतो, वाटेतल्या दोन सोंगट्या हलवतो, समोरच्याची अडलेली सोंगटी मोकळी करून देतो. तिथे निम्मा खेळ सोंगटी गेल्यानंतरचा असतो. पुतण्या क्लबात पहिल्या आठवड्यात रोज हरायचा तो नेम कच्चा म्हणून नाही. घरी त्याच्या स्ट्रायकरला थांबायचे फार वळण लागले होते.

आणि नियमही. घरी आपण काळीला दहा, पांढरीला वीस, राणीला पन्नास असे खेळतो. ज्याच्या हाताला जी लागेल ती. क्लबात नऊ काळ्या एकाच्या, नऊ पांढऱ्या दुसऱ्याच्या. समोरच्याच्या जितक्या सोंगट्या उरतील तितके गुण, राणीचे तीन, ती घेतल्यावर लगेच आपल्या रंगाची एक घेऊन पक्की करायची, आणि एकवीसच्या पुढे गेलात की राणीचे गुण बंद. पंचवीस गुण किंवा आठ बोर्ड, आधी जे होईल ते. घरच्या पद्धतीत मारणेच मारणे आहे. क्लबच्या पद्धतीत अडवणे आले, आपली सोंगटी पॉकेटच्या तोंडाशी नेऊन नुसती ठेवून देणे आले. सगळ्या नऊ आणि राणी एकाच हातात साफ झाली की स्लॅम. तो मी तीन वर्षांत एकदाही मारला नाही. मारताना एकाला पाहिला, त्या दिवशी काकांनी चहा दिला.

हा घर की बाहेर वाद आपल्यापुरता नाही. अमेरिकेत पिनबॉलवरून तो चालतो. काचेखाली तिरपे टेबल, त्यावर साधारण 80 ग्रॅमचा पोलादी गोळा, दोन बटणांनी हलणारे पंखे. नाणे टाकायचे आणि गोळा खाली पडू द्यायचा नाही. ते पंखे 1947 मध्ये गॉटलिब कंपनीच्या 'हम्प्टी डम्प्टी' या यंत्रात पहिल्यांदा आले. त्याआधी गोळा सोडायचा आणि दैवावर हवाला ठेवायचा, म्हणून लोक त्याला जुगार म्हणत. न्यूयॉर्क शहराने चाळीसच्या दशकात त्यावर बंदी घातली ती 1976 पर्यंत टिकली. शेवटी रॉजर शार्प नावाच्या माणसाने नगरपरिषदेसमोर यंत्र मांडून, गोळा कुठून जाईल ते आधी सांगून तो तसाच सोडून दाखवला, तेव्हा हा नशिबाचा खेळ नाही हे पटले. कॅरम क्लबात जातो म्हटल्यावर आमच्या आजोबांची मुद्रा जशी व्हायची, तशीच त्या नगरसेवकांची असणार. पिनबॉलच्या टेबलाला साडेसहा अंशांच्या आसपास उतार लागतो, तो नसेल तर खेळच नाही. कॅरमला अर्धा अंशही चालत नाही. पण घरी यंत्र आणलेल्यांची तिथली रड ओळखीची वाटते. शंभर किलोंहून जड यंत्र, आत तारेची वेटोळी, झिजणारी रबरे, काच उघडून पुसावे लागणारे टेबल. बाहेर खेळताना ते सगळे दुकानदार करत होता. घरी आणल्यावर खेळणाऱ्यालाच सोल्डरिंग आयर्न हातात घ्यावे लागले.

क्लबातल्या दहा रुपयांचेही तेच आहे. काका दुपारी तीनला येत, सहाही बोर्ड झाडत, एकेक सोंगटी सुती कपड्याने पुसत, कड उडालेली बाजूला काढत. कड उडाली की केंद्रांची ती रेषा बिघडते, कट चुकतो. रात्री जाताना प्रत्येक बोर्डाच्या जाळ्यांतल्या सोंगट्या मोजत, एकोणीस भरल्याशिवाय कुलूप नाही. बोर्डावर कोपर टेकले की ओरडत: "पोट्टेहो, तो बोर्ड हाये, उशी नोहे." चहाचा कप फ्रेमवर ठेवणाऱ्याला त्यांनी एकदा आठ दिवस येऊ दिले नव्हते. घरी आमच्या फ्रेमवर चहाच्या कपांची अकरा वर्तुळे आहेत आणि सोंगट्या सतरा. दोन पांढऱ्यांच्या जागी शर्टाची मोठी बटणे चालत आली आहेत.

माणसांचा प्रश्न आणखी अवघड. क्लबात एकटा गेलात तरी समोर कोणीतरी बसतो, आणि बहुतेक वेळा तुमच्यापेक्षा बरा खेळणारा. घरी चार जण जमेपर्यंत लाइन जाते. उलट बाजूही सांगितली पाहिजे. आमच्या क्लबात तीन वर्षांत मी एकही मुलगी पाहिली नाही. गावातल्या मुली कॅरम खेळत नाहीत म्हणून नाही. माझी बहीण माझ्याहून चांगला कट मारायची, आणि तिला होता तो हाच दीड फेरीचा बोर्ड. बिहारची रश्मी कुमारी जगज्जेती झाली, आपल्या महाराष्ट्राच्या संगीता चांदोरकर यांनी राष्ट्रीय पातळी गाजवली. अशा कोणाच्याही पहिल्या पायऱ्या गावातल्या क्लबाच्या गाळ्यातून जाणे अवघडच. घरचा बोर्ड नीट असावा याचे माझ्या लेखी हे सगळ्यात मोठे कारण आहे आणि ते माझ्या लक्षात यायला पंचवीस वर्षे गेली.

तर भावाला मी हिशेब मांडून दिला. पोरगा रोज दोन बोर्ड खेळतो, निम्मे हरतो. हरणाऱ्याने द्यायचे, म्हणजे रोजचे दहा, महिन्याचे तीनशे. चांगला बोर्ड सात हजारांच्या आत बसत होता. दोन वर्षांत पैसे फिटतात, पण एका अटीवर: बोर्ड मांडलेला राहिला पाहिजे. कपाटामागे गेला की सात हजारही हवेत. भाऊ म्हणाला, "मंग ठेवाचा कुठी?" हाच खरा प्रश्न होता. बाजेवर बोर्ड ठेवून खेळता येत नाही. चारात एक जण हलला की सगळ्या सोंगट्या हलतात. नियमाप्रमाणे स्टँड 63 ते 70 सेंटिमीटर उंच लागतो. आम्ही ओसरीतली धान्याची कोठी मागे सरकवली आणि वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी स्टँड करून घेतला. एक पाय आखूड झाला. त्याखाली जुन्या चपलेचा तुकडा आहे, फोनमधली पातळी बघून बसवलेला.

बोर्ड अमरावतीहून आणला. पहिल्या दुकानात जाड म्हणून दाखवलेला प्लाय फक्त कडेला जाड होता, खालून पट्टी चिकटवून फुगवलेला. पॉकेटच्या भोकात बोट घालून चिमटीत धरल्यावर कळले. तेवढी युक्ती घेणाऱ्याने लक्षात ठेवावी. दुसरीकडे खिशातला स्ट्रायकर काढून चारही बाजूंनी आवाज ऐकला, फेऱ्या मोजल्या. दुकानातल्या पोराने खुर्ची आणून दिली. नव्या बोर्डाने तीन मारल्या. मुरला की साडेतीन मारेल.

बल्बला मात्र वेळ लागला. तिवस्यात तीन दुकाने पालथी घातली, सगळीकडे एलईडी. शंभराचा मिळालाच नाही; शेवटी अमरावतीच्या एका जुन्या दुकानाच्या माळ्यावरून साठचे दोन निघाले. भावाने लगेच हिशेब केला: साठ वॅट, रोज तीन तास, महिन्याला साडेपाच युनिटच्या आत. चालेल म्हणाला. आता संध्याकाळी दिवेलागणीला तुळशीपाशी दिवा लागतो आणि त्यानंतर भाऊ ओसरीतले बटण दाबतो. पोरगा क्लासहून यायला अजून तास असतो. रविवारी तो क्लबात जातो, वीस रुपये घेऊन. तिथल्या एकाकडे एक वेगळाच कट आहे, तो अजून त्याच्या हाती लागलेला नाही.